मद्यपानाच्या वयावर वादविवाद: तयारी कशी करावी

‘मद्यपानाचे कायदेशीर वय बदलावे’ हा प्रस्ताव आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धांत फिरून फिरून येतो. विषय ओळखीचा वाटतो, म्हणून पुष्कळ जण त्याची तयारीच करत नाहीत. मग एक बाजू म्हणते, ‘१८ व्या वर्षी सरकार निवडता येतं, मग ग्लास का नाही?’ दुसरी म्हणते, ‘तरुण पिढी वाया जाईल.’ परीक्षकांनी हे दोन्ही इतक्यांदा ऐकलेले असते की त्यांचे पेनही हलत नाही. कोणत्या राज्यातला कोणता नियम, कितीवरून किती करायचा, हे आधी पक्के करून आलेल्याला गुण मिळतात.

इथली पद्धत महाराष्ट्रातल्या नेहमीच्या स्पर्धेला धरून आहे: संघात दोघे, एक अनुकूल आणि एक प्रतिकूल, प्रत्येकी सात मिनिटे, सहाव्या मिनिटाला पहिली घंटा. हातात आठ-दहा दिवस आहेत असे धरले आहे. दिवस कमी असतील तर परदेशी दाखले गाळा, कायदा गाळू नका.

प्रस्ताव आधी फोडा

आयोजकांनी दिलेला प्रस्ताव बहुधा ढिला असतो. तो घट्ट करण्याचा हक्क पहिल्या अनुकूल वक्त्याचा. त्याने तो वापरला नाही तर प्रतिकूल बाजू स्वतःला सोयीची व्याख्या करून मोकळी होते. कागदावर चार प्रश्न लिहा आणि प्रत्येकापुढे एका ओळीत उत्तर लिहा.

कुठे? मद्य हा राज्यांचा विषय आहे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत ती ८ वी नोंद आहे. म्हणून ‘भारतात वय बदलावे’ असे म्हणणारा वक्ता पहिल्याच वाक्यात अडकतो, कारण भारतभर लागू असे एक वय मुळात नाहीच. गोव्यात १८, उत्तर प्रदेशात २१, केरळात २०१७ पासून २३, दिल्लीत २५. गुजरातेत आणि २०१६ पासून बिहारमध्ये तर दारूबंदीच.

कोणते पेय? महाराष्ट्रात बिअरसारख्या सौम्य पेयाला २१ आणि व्हिस्की, रम, व्होडका अशा कडक मद्याला २५. दोन वेगळी वये आहेत हेच निम्म्या स्पर्धकांना ठाऊक नसते.

कितीवरून किती? आणि कोणती कृती: विकत घेणे, जवळ बाळगणे की पिणे? काही देशांत फक्त विक्रीला वयाची अट आहे, घरी पिण्याला नाही. महाराष्ट्रात तिन्हींना परवाना लागतो.

या चारांतून वाद घालण्याजोगा प्रस्ताव निघतो तो असा: ‘महाराष्ट्रात कडक मद्याच्या परवान्याचे किमान वय २५ वरून २१ करावे.’ आमच्या मते अनुकूल बाजूने यापेक्षा रुंद काही घेऊ नये. ‘सगळ्यांना १८’ हे ऐकायला धाडसी वाटते, पण मग शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाचे चित्र उभे करायला प्रतिकूल वक्त्याला अर्धे मिनिटही लागत नाही, आणि उरलेली सहा मिनिटे तुम्ही ते चित्र पुसत बसता.

कायद्याचा गाभा

इथे एक संध्याकाळ नीट घालवा. पाठांतर नको, उतरंड समजली पाहिजे.

महाराष्ट्रातला मूळ कायदा दारूबंदीचा आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम. आता त्याला महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात. द्वैभाषिक मुंबई राज्य फुटले तेव्हा हाच कायदा गुजरातकडेही गेला. गुजरातने बंदी ठेवली, महाराष्ट्राने परवान्यांची दारे उघडली. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने इथे पिणे हा अपवाद आहे, आणि परवाना हा त्या अपवादाचा कागद. एका दिवसाच्या विदेशी मद्याच्या परवान्याला पाच रुपये, देशीला दोन, वर्षाच्या परवान्याला शंभर आणि आजीवन परवान्याला हजार रुपये असे दर वर्षानुवर्षे चालत आले. ‘पिण्याचे वय’ म्हणून आपण जे म्हणतो ते खरे तर परवाना मिळण्याचे वय.

हे कळले की दोन्ही बाजूंना धारदार मुद्दा मिळतो. अनुकूल वक्ता म्हणू शकतो की बारमध्ये बसलेल्यांपैकी किती जणांच्या खिशात परवाना आहे ते विचारा. जो नियम कोणी पाळत नाही आणि कोणी तपासत नाही, त्याचा आकडा २५ असो की ५२, फरक काय? प्रतिकूल वक्त्याचे उत्तर: मग तपासणी सुरू करा, आकडा का बदलता? हा सामना खरा आहे.

संविधानाचे कलम ४७ दोघांनीही वाचावे. पोषण, सार्वजनिक आरोग्य आणि मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न हे राज्याचे कर्तव्य, असे ते सांगते. मात्र ते मार्गदर्शक तत्त्वांत आहे. त्याच्या आधारे न्यायालयात थेट दाद मागता येत नाही. प्रतिकूल वक्ते ‘संविधानाने दारूला बंदी केली आहे’ असे ठोकून देतात आणि खंडनात उघडे पडतात. अनुकूल वक्त्यांची चूक याच्या उलट: ‘पिणे हा माझा मूलभूत हक्क आहे.’ मुंबई राज्य विरुद्ध बलसारा या १९५१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचा बहुतेक भाग वैध ठरवला, आणि खोडे डिस्टिलरीज प्रकरणात १९९४ मध्ये मद्याचा धंदा करण्याचा मूलभूत हक्क नाही असे सांगितले. हक्काची भाषा सोडून समान वागणुकीची भाषा धरा, ती टिकते.

आणखी दोन तरतुदी कार्डावर हव्यात. बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ७७: १८ वर्षांखालच्या मुलाला मादक पेय देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. मोटार वाहन अधिनियम, कलम १८५: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले तर गुन्हा, मग चालकाचे वय काहीही असो. वय बदलले तरी या दोन्ही तरतुदी जागच्या जागी राहतात, हे अनुकूल बाजूने स्वतःहून सांगावे. न सांगितल्यास समोरचा ‘म्हणजे आता कोणीही पिऊन गाडी चालवणार’ इथवर सहज पोचतो.

शेवटची सावधगिरी घोषणेबद्दल. दिल्ली सरकारने मार्च २०२१ मध्ये वय २५ वरून २१ करणार असे जाहीर केले. सगळीकडे मथळे झळकले. पण दिल्लीच्या उत्पादन शुल्क कायद्याचे कलम २३ बदलले नाही, त्यामुळे वय २५ च राहिले. हरियाणाने मात्र त्याच वर्षी विधानसभेत दुरुस्ती करून २५ चे २१ केले. या दोघांची गल्लत करणारे स्पर्धक दर हंगामात भेटतात. महाराष्ट्रापुरते २०११ चे व्यसनमुक्ती धोरण लक्षात ठेवा. २५ वर्षांच्या अटीवर तेव्हा मोठा गदारोळ झाला आणि अभिनेता इम्रान खानने उच्च न्यायालयात याचिका केली. बातमी वाचली की विचारायचे: हे धोरण आहे, अधिसूचना आहे, की कायद्यातली दुरुस्ती?

आकड्यांची कार्डे

पोस्टकार्डाच्या आकाराची बारा ते पंधरा कार्डे पुरतात. एका कार्डावर एकच आकडा. पुढच्या बाजूला आकडा, वर्ष, कोणाचे मोजमाप आणि कोणत्या वयोगटाचे. मागच्या बाजूला त्या आकड्याची दुबळी बाजू. ही मागची बाजू बहुतेक जण रिकामी ठेवतात आणि खंडनात मार खातात. नमुन्यादाखल एक कार्ड पूर्ण भरून दाखवतो.

पुढे: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, पाचवी फेरी, २०१९-२१. १५ वर्षे व त्यावरील व्यक्ती. मद्य पिणारे पुरुष: भारत १८.८ टक्के, महाराष्ट्र १३.९, गोवा ३६.९. स्त्रिया: भारत १.३, महाराष्ट्र ०.४, गोवा ५.५.

मागे: गोव्यात वय १८ आणि पिणारे जास्त, महाराष्ट्रात २५ आणि पिणारे कमी, म्हणून वय वाढवले की पिणे घटते? तेलंगणात वय २१, तरी पुरुषांचे प्रमाण ४३.३ टक्के, म्हणजे गोव्यापेक्षा जास्त. अरुणाचलात वय २१ आणि प्रमाण ५२.७. तेव्हा नुसत्या वयावरून काही सिद्ध होत नाही; चालीरीती, किंमत, दुकानांची संख्या हे सगळे मध्ये येते. शिवाय हे लोकांनी स्वतः सांगितलेले आहे, आणि आपल्याकडे बाईने ‘मी पिते’ असे सर्वेक्षकाला सांगणे सोपे नाही.

हे एक कार्ड प्रतिकूल वक्त्याला गोव्याच्या मोहापासून वाचवते आणि अनुकूल वक्त्याला आयते खंडन देते. गोवा-महाराष्ट्र तुलना समोरून हमखास येते. तेलंगणाचा आकडा तोंडावर असू द्या.

दुसरे आवश्यक कार्ड २०१९ च्या केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या व्यसनविषयक सर्वेक्षणाचे. ते दिल्लीच्या एम्सने केले. १० ते ७५ वयोगटात मद्य घेणारे १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी. त्यांतल्या सुमारे ५.७ कोटींना मद्यामुळे त्रास आहे, मदतीची गरज आहे. मागच्या बाजूला लिहा: वयोगट वेगळा, मोजण्याची रीत वेगळी, म्हणून कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या आकड्याशेजारी ठेवून ‘घटले’ किंवा ‘वाढले’ म्हणायचे नाही. नेमकी हीच चूक व्यासपीठावर सर्रास होते.

टक्केवारी उच्चारताना पूर्णांकात बोला. ‘अठरा पूर्णांक आठ’ ऐकताना परीक्षक मध्येच हरवतो. ‘शंभरात एकोणीस’ लक्षात राहते. नेमका आकडा कार्डावर, गोल आकडा तोंडी.

परदेशी दाखले: थोडे, पण मुळापासून

अमेरिकेचा दाखला दोन्ही बाजू देतात, म्हणून तो पूर्ण माहीत हवा. १९७१ मध्ये तिथे मतदानाचे वय १८ झाले आणि पाठोपाठ अनेक राज्यांनी मद्याचे वयही खाली आणले. तरुणांचे रस्ते अपघात वाढले. १९८४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या काळात कायदा आला: जे राज्य वय २१ करणार नाही त्याच्या महामार्ग निधीतून कपात. साउथ डकोटा राज्य न्यायालयात गेले आणि १९८७ मध्ये हरले. पुढच्या वर्षापर्यंत सगळी राज्ये २१ वर आली. वय वाढवल्यावर अपघात सुमारे १६ टक्क्यांनी घटले, कमी केले तिथे सुमारे १० टक्क्यांनी वाढले, असे त्या काळातल्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दिसते.

प्रतिकूल वक्त्याला याहून चांगला पुरावा जगात मिळणार नाही. पण त्याची दुबळी बाजूही तितकीच मोठी आहे. अमेरिकेत गाडी १६ व्या वर्षी हातात येते आणि मित्राकडे जायचे तरी गाडी लागते. ते सगळे अभ्यास १८ आणि २१ यांतल्या फरकाचे आहेत, २१ आणि २५ यांतल्या नव्हेत. आपला प्रस्ताव २५ वरून २१ चा असेल तर हा पुरावा अर्धाच लागू पडतो. अनुकूल वक्त्याने इथे ठाम बोलावे: ‘आपण ज्या देशाचा दाखला देता, तिथे मी मागतो आहे तेच वय आहे.’ वर उल्लेखलेला अरुंद प्रस्ताव असा कामी येतो.

न्यूझीलंडने १९९९ मध्ये २० चे १८ केले. नंतरच्या अभ्यासात किशोरवयीनांचे अपघात वाढल्याचे दिसले, तरी २०१२ मध्ये तिथल्या संसदेने १८ च कायम ठेवले. जर्मनीत बिअर-वाइन १६, कडक मद्य १८. स्वीडनमध्ये उपाहारगृहात १८, सरकारी दुकानातून बाटली न्यायची तर २०. लिथुएनियाने २०१८ मध्ये १८ चे २० केले. यांतला एखादाच वापरा. सहा देशांची यादी वाचणारा वक्ता प्रवास कंपनीच्या पत्रकासारखा ऐकू येतो.

जपान मात्र वेगळा काढून ठेवा. तिथे एप्रिल २०२२ मध्ये सज्ञानतेचे वय २० वरून १८ झाले, पण मद्य आणि तंबाखूचे वय २० वरच ठेवले. ‘सज्ञान म्हणजे सगळ्याला सज्ञान’ या युक्तिवादावर इतके स्वच्छ उत्तर दुसरे नाही.

दोन घटना, ज्या बहुतेक वेळा चुकीच्या जागी येतात

पुण्याचा कल्याणीनगर अपघात, १९ मे २०२४. भरधाव आलिशान मोटारीने दुचाकीला धडक दिली, दोन तरुण अभियंते गेले. गाडी चालवणाऱ्या मुलाचे वय १७, आणि अपघाताआधी त्याला पबमध्ये मद्य मिळाले असा आरोप. मद्य देणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. प्रतिकूल वक्ते म्हणतात, ‘बघा, वय कमी केले तर काय होईल!’ पण १७ वर्षांचा मुलगा २५ च्या नियमात बसत नव्हता, २१ च्या नाही आणि गोव्यातल्या १८ च्याही नाही. ही घटना नियम असूनही मोडल्याची आहे. तिचा खरा उपयोग अंमलबजावणीच्या मुद्द्यात. अनुकूल बाजू ती अशी फिरवू शकते: तपासनिसांची मोजकी फौज चोवीस वर्षांच्या नोकरदाराचे ओळखपत्र बघत बसण्यापेक्षा सतरा वर्षांच्या मुलावर लक्ष ठेवू दे. प्रतिकूल बाजू म्हणू शकते: ज्या यंत्रणेला सतरा ओळखता येत नाही, तिच्या हातात आणखी चार वर्षांचे ग्राहक द्यायचे? दोन्ही सयुक्तिक आहेत. घटना एकच, पण आधी ती कशाबद्दल आहे हे ओळखावे लागते.

मालवणी, जून २०१५. मुंबईत मालाडच्या या वस्तीत विषारी दारूने शंभरावर बळी घेतले. अनुकूल वक्ते सांगतात की कायदेशीर दारू नाकारली की लोक असे मरतात. मालवणीतली माणसे वयाच्या अटीमुळे हातभट्टीकडे गेली नव्हती, ती स्वस्ताईमुळे गेली. हा मुद्दा कराचा आणि गरिबीचा. वयाच्या वादात तो आणला की चाणाक्ष प्रतिस्पर्धी एका वाक्यात उचलून बाहेर ठेवतो.

एकूणच, मृतांचा उल्लेख करताना आवाज चढवू नका. नावे घेऊ नका. प्रकरण न्यायालयात असेल तर ‘आरोप आहे’ हा शब्द सोडू नका. परीक्षकांत वकील असला तर तो तेवढ्यावरच गुण कापतो.

कोणता मुद्दा किती वजन पेलतो

मतदानाचा मुद्दा आधी बाजूला काढू. १९८८ च्या ६१ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ झाले, हे खरे. पण लोकसभेला उभे राहायला २५ लागतात, राज्यसभेला ३०, आणि मुलाच्या लग्नाला २१. आपल्या कायद्यात प्रत्येक कामाला वेगळे वय आहे. म्हणून ‘१८ ला मत, मग १८ ला मद्य’ हे वाक्य उत्तराला आमंत्रण देते. तोच धागा अनुकूल वक्त्याने जरा वेगळा ओढावा: एकवीस वर्षांच्या मुलाला लग्न करता येते, घर घेता येते, बिअरही मिळते, फक्त बाटलीतला द्रव बदलला की तो अचानक अपरिपक्व कसा ठरतो? बिअरचा मोठा ग्लास आणि व्हिस्कीचा एक पेग यांतले शुद्ध अल्कोहोल जवळपास सारखेच भरते. हिशेब फळ्यावर मांडता येतो: ३३० मिलिलिटर बिअर ५ टक्क्यांची म्हणजे १६.५ मिलिलिटर अल्कोहोल. ३० मिलिलिटर व्हिस्की ४२.८ टक्क्यांची म्हणजे सुमारे १२.८. दोन वयांच्या नियमावर यापेक्षा नेमका हल्ला नाही. प्रतिकूल वक्त्याने तयार ठेवावे ते उत्तर: माणूस एका पेगवर थांबत नाही, आणि बिअरने पोट भरते तसे व्हिस्कीने भरत नाही, थोड्या वेळात जास्त अल्कोहोल पोटात जाण्याचा धोका कडक मद्यात मोठा.

मेंदूचा मुद्दा प्रतिकूल बाजूचा भरवशाचा. निर्णय आणि संयम सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत राहतो, याला शास्त्रीय आधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही असे सांगितले. एवढ्यावर थांबा. ‘२५ पूर्ण झाली की मेंदू तयार’ अशी घंटा वाजत नाही, आणि ‘कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही’ हे साठ वर्षांच्या माणसालाही लागू आहे. फार ताणले तर समोरचा विचारतो, मग सरसकट बंदी मागा ना. ज्यांनी लवकर सुरुवात केली त्यांच्यात पुढे व्यसनाचे प्रमाण जास्त दिसते हाही खरा मुद्दा आहे, पण लवकर सुरुवातीमुळेच व्यसन लागते असे म्हणू नका. घरची परिस्थिती दोन्हीच्या मागे असू शकते.

‘लपून पिण्यापेक्षा उघड पिणे बरे’ हा अनुकूल बाजूचा लाडका मुद्दा सर्वांत कच्चा. कानाला पटतो, पण न्यूझीलंडचा अनुभव त्याला साथ देत नाही. वापरायचाच तर शेवटी, आणि पर्यवेक्षण असलेल्या जागेपुरता.

महसुलाच्या वाटेला अनुकूल वक्त्याने जाऊच नये. ‘सरकारला पैसा मिळेल’ म्हणताच प्रतिकूल बाजूला उपचारांचा, अपघातांचा, मोडलेल्या संसारांचा खर्च मांडायला मोकळीक मिळते, आणि सभागृहही तिच्या बाजूला झुकते. ग्रामीण भागातल्या महाविद्यालयात तर नक्कीच. गावागावात बायकांनी आडव्या बाटलीला मत देऊन दुकाने बंद पाडली आहेत, त्यांच्या लेकी समोर बसलेल्या असतात.

सिंधुदुर्गाचा मुद्दा फारसा कोणी मांडत नाही, तो मांडावा. गोव्याच्या सीमेजवळच्या बांद्याच्या अलीकडे २५, पलीकडे काही किलोमीटरवर गोव्यात १८. वीस वर्षांचा मुलगा पलीकडे कायदेशीर पितो आणि दुचाकीवरून रात्री परत येतो. परवान्याशिवाय बाटली आणली तर गुन्हा, पोटातून आणली तर वयाची अट आड येत नाही. अनुकूल वक्ता म्हणेल वये जवळ आणा; प्रतिकूल म्हणेल जवळच आणायची तर गोव्याने वर यावे.

सात मिनिटांची मांडणी

मराठीत स्पष्ट बोलणारा वक्ता मिनिटाला शंभर ते एकशे वीस शब्द बोलतो. सात मिनिटांना सातशे ते आठशे शब्द. लिहून काढलेले भाषण आठशेच्या वर गेले तर कापा, वेग वाढवू नका. पाऊण मिनिट प्रस्ताव आणि व्याख्या, चार मिनिटे दोन मुद्दे (तीन नव्हेत), दीड मिनिट खंडन, उरलेल्यात समारोप. प्रत्येक मुद्द्यात एक दावा, एक आकडा किंवा कलम, आणि ‘म्हणून काय’ याचे एक वाक्य. हे तिसरे वाक्य राहून गेले की आकडा हवेत लटकतो.

पहिली तीस सेकंदे शब्दशः पाठ असावीत, बाकीचे मुद्द्यांवरून बोलावे. अनुकूल वक्त्याची सुरुवात अशी होऊ शकते: ‘अध्यक्ष महोदय, महाराष्ट्रात एकवीस वर्षांच्या नागरिकाला बिअर मिळते, व्हिस्की मिळत नाही. मी या सभागृहाकडे नवा हक्क मागत नाही. दोन आकड्यांच्या जागी एक आकडा मागतो, आणि तो पाळला जावा असे मागतो.’ यात प्रस्ताव, राज्य, पेय आणि दिशा सगळे आले. संस्कृत सुभाषित किंवा ‘दारू’ची फोड करून केलेली कोटी नको, टाळ्या मिळतात, गुण मिळत नाहीत. पिण्याच्या अनुभवाचा विनोद तर अजिबात नको, विशेषतः वक्ता स्वतः वीस वर्षांचा असताना.

दोघांनी तयारीच्या शेवटच्या तीन दिवसांत बाजू बदलून एकदा तरी पूर्ण सात मिनिटे बोलावे, घड्याळ लावून. स्वतःच्या मुद्द्यातली भोके याने जितकी दिसतात तितकी वाचनाने दिसत नाहीत.

खंडन आणि परीक्षकांचे प्रश्न

समोरचा बोलत असताना पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे त्याचा दावा त्याच्याच शब्दांत, उजवीकडे कार्डाचा क्रमांक. सगळे लिहू नका. तीन दावे निवडा, दोनच खोडा. निवडताना त्याचा सर्वांत जोरकस दावा घ्या. लंगडा मुद्दा खोडून काढणाऱ्याला परीक्षक ओळखतात. खोडताना आधी तो दावा प्रामाणिकपणे सांगा, मग उत्तर द्या: ‘माझे प्रतिस्पर्धी म्हणाले की गोव्यात वय कमी म्हणून पिणारे जास्त. तेलंगणात वय एकवीस आहे आणि पिणारे पुरुष गोव्याहून अधिक आहेत. तेव्हा कारण वयात नाही, दुसरीकडे शोधावे लागेल.’ वीस सेकंदांत काम झाले.

परीक्षकांचे तीन प्रश्न हमखास येतात. ‘वय बदलण्याचा अधिकार कोणाचा?’ राज्याचा, आणि महाराष्ट्रात वयाची अट परवान्याच्या नियमांशी जोडलेली आहे. ‘आकडा बदलून अंमलबजावणी सुधारेल कशी?’ इथे अनुकूल वक्त्याकडे ठोस योजना लागते: विक्रीच्या वेळी ओळखपत्र तपासणे, अल्पवयीनाला विकले तर दुकानाचा परवाना निलंबित, दर तिमाहीला तपासणीचे आकडे जाहीर. तिसरा प्रश्न खोचक असतो: ‘तुमच्या धाकट्या भावाला चालेल का?’ प्रतिकूल वक्ते यावर भावनेत वाहतात, अनुकूल वक्ते चिडतात. सरळ उत्तर द्यावे: ‘त्याने प्यावे असे मला वाटत नाही, पण त्यासाठी त्याला गुन्हेगार ठरवावे असेही वाटत नाही’, किंवा उलट बाजूला असाल तर ‘चालणार नाही, पण माझा युक्तिवाद माझ्या भावावर नाही, मघाच्या पुराव्यावर उभा आहे.’

स्पर्धेच्या आदल्या रात्री राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या संकेतस्थळावर परवान्याचे दर आणि वयाचा नियम पुन्हा पाहून घ्या आणि पानाची छापील प्रत खिशात ठेवा. हे दर आणि नियम अधिसूचनेने बदलू शकतात, आणि समोरच्याने ‘कालच बदलले’ म्हटले तर दाखवायला कागद लागतो.